मदत हवी आहे: बाथरूमलगतच्या भिंतीला ओल, फोडाफोडीआधी कारण कसं शोधायचं?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. बेडरूम आणि बाथरूममधल्या सामाईक भिंतीला बेडरूमच्या बाजूने ओल आली आहे, स्कर्टिंगपासून साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंत. आधी रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, आता पुट्टीही भुसभुशीत होऊन हाताला लागते. खाली फरशीवर पांढरी भुकटी पडते. झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. मागच्या वर्षी हीच भिंत खरवडून, पुट्टी भरून, ओल रोखणारा म्हणून सांगितलेला रंग दिला होता. काही महिने टिकला.

दोन जणांना दाखवलं. एक म्हणाले, बाथरूमच्या सगळ्या टाईल्स उखडा आणि नव्याने वॉटरप्रूफिंग करा. दुसरे म्हणाले, काही फोडू नका, भिंतीत भोकं पाडून केमिकल भरतो. भिंतीकडे धड पाहिलं मात्र कुणीच नाही. पाणी नेमकं कुठून येतंय हे फोडण्याआधी घरच्या घरी कळू शकतं का? बाथरूम एकच आहे, ते बरेच दिवस बंद ठेवणं कठीण आहे.

पाना-पक्कड:
बऱ्यापैकी कळू शकतं. आधी एवढं सांगा: घर कितव्या मजल्यावर आहे? पाऊस पडल्यावर ओल वाढते का? शॉवर आणि मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) त्याच भिंतीवर आहेत का? घर बंद ठेवून बाहेरगावी गेलात तर भिंत सुकते का? आणि डागाच्या आसपास स्विचबोर्ड आहे का? असेल तर बाकी सगळं नंतर. त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डवरचा सुरक्षा-स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा.

धागाकर्ती:
दुसरा मजला. भिंत आतली आहे, पावसाशी संबंध दिसत नाही. शॉवर-मिक्सर त्याच भिंतीवर. सुट्टीत घर बंद होतं तेव्हा परत आल्यावर भिंत बरीच सुकलेली वाटली. सॉकेट आहे, पण डागापासून चांगलं लांब.

रंगारी-हौशी:
एवढं डोकं कशाला? पोपडे काढा, बेडरूमच्या बाजूने चांगल्या वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या, वरून रंग. माझ्याकडे असंच केलंय, अजून तरी ठीक आहे.

चुनाखडी:
असहमत. पाणी बाथरूमकडून येतंय आणि झाकण बेडरूमकडून लावायचं, म्हणजे भिंत आतल्या आत ओली राहणार. पाण्याचा दाब कोटिंगला मागून ढकलतो, त्यामुळे ते सुटतं. नाही सुटलं, तर ओल वर चढते किंवा बाजूने फुटते. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार उरतात. तेच थर रंगाला आतून उचलतात. मागच्या वर्षीचा रंग म्हणूनच गेला. रंगाच्या डब्याला दोष देण्यात अर्थ नाही.

भोकं पाडून केमिकल भरण्याचं म्हणाल तर तो उपाय जमिनीतून भिंतीत चढणाऱ्या ओलीसाठी आहे. तुमच्या दुसऱ्या मजल्याच्या आतल्या भिंतीला जमीन लागतेच कुठे? त्यांना नम्रपणे नाही सांगा.

पाना-पक्कड:
चुनाखडींना अनुमोदन. आता शोध. घर बंद असताना भिंत सुकली हा मोठा धागा आहे (शब्दश्लेष माफ). दाबाखाली असलेली पाईप गळत असती तर तुम्ही घरात असा-नसा, ओल वाढतच राहिली असती. अर्थात जाताना मुख्य कॉक बंद केला असेल तर हा निष्कर्ष बाद. म्हणून खात्री करून घ्या: सगळे नळ बंद, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद, मीटरचं रीडिंग लिहा, दोन तास पाणी वापरू नका, पुन्हा पाहा. मीटर गच्चीवरच्या टाकीच्या आधी असेल तर हे निरुपयोगी. मग टाकी फक्त तुमच्याच घराची असल्यास तिच्या पातळीवर खूण करून रात्रभर ठेवा.

पाईप निर्दोष निघाली तर चार संशयित उरतात: नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जाण्याची जाळी आणि तिच्याखालचा भाग) आणि सांडपाण्याची पाईप, फरशीचे सांधे, भिंतीच्या टाईल्सचे सांधे, आणि मिक्सरपासून शॉवरपर्यंत भिंतीतून वर जाणारी पाईप. शेवटची लोक हमखास विसरतात. तिच्यात शॉवर चालू असतानाच पाणी असतं, त्यामुळे मीटरच्या चाचणीत ती निसटते आणि दोष टाईल्सवर जातो.

प्रत्येकाला वेगळं तपासा. सगळं एकाच दिवशी केलंत तर काहीच कळणार नाही. आधी सुट्या पोपड्यांच्या पलीकडे, ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. मग:

आधी ट्रॅप. फरशी कोरडी ठेवून, नरसाळं किंवा नळी लावून बादलीभर-दोन बादल्या पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडा आणि एक दिवस वाट पाहा. ओल सरकली तर सांडपाण्याचा जोड.

नाही सरकली तर फरशी. ट्रॅपच्या तोंडाला बोळा किंवा रबरी झाकण घट्ट बसवा, उंबऱ्याच्या आत राहील इतपत, दोन-तीन सेंटीमीटर पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. त्याहून वर भिंतीवर पाणी उडू देऊ नका. पाण्याची पातळी खूप उतरली किंवा भिंतीवरची रेघ ओलांडली गेली तर गुन्हेगार फरशी, बहुतेक वेळा फरशी आणि भिंत यांचा कोपरा. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.

तेही निर्दोष ठरलं तर शॉवरची नळी हातात धरून फक्त भिंतीच्या टाईल्सवर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारा. आणि शेवटी शॉवरचं डोकं काढून त्या तोंडाला प्लग बसवून मिक्सर उघडा, म्हणजे त्या पाईपमध्ये दाब येईल. हे काम प्लंबरकडून करवून घेतलेलं बरं.

चुनाखडी:
दोन चाचण्यांत भिंतीला उसंत द्या. बाथरूमची फरशी खोलगट स्लॅबवर भराव टाकून केली असेल तर तो भराव पाणी धरून ठेवतो आणि ओल उशिरा दिसते. घाईत चुकीच्या माणसाला फाशी होईल. आणि कुणी ओल मोजायचं यंत्र आणून दोन टोकं भिंतीत टोचली तर आकड्यावर आंधळा विश्वास नको: क्षार असलेल्या भिंतीत ते यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल दाखवतं.

धागाकर्ती:
मीटर हललं नाही, आणि ते थेट आमच्या लाईनवर आहे. ट्रॅपच्या चाचणीत रेघ जागच्या जागी. फरशीवर पाणी साठवलं, दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर बोटभर ओल, पाणीही बरंच उतरलेलं. खालच्यांच्या छताला डाग नाही. शॉवरखालचा कोपरा निरखून पाहिला: तिथली पांढरी सिमेंट सुटली आहे, चीर उघडी दिसते. एक-दोन टाईल्स ठोकल्यावर पोकळ वाजतात. तरी सगळं उखडायचंच का?

पाना-पक्कड:
लगेच नाही. पण एक गोष्ट समजून घ्या: टाईल्समधलं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, हे मुळात वॉटरप्रूफिंग नव्हेच, खरा अडसर टाईल्सखालचा थर असतो. कोपऱ्यातून शिरलेलं पाणी भिंतीत पोचतंय म्हणजे तो थर तिथे तुटला आहे किंवा भिंतीवर वर चढवलेलाच नाही. वरचे सांधे नीट भरले तर पाणी आत जाणंच बंद होऊन काही वर्षं निघू शकतात. कायमचा उपाय म्हणजे शॉवरखालचा भाग आणि भिंतीच्या खालच्या एक-दोन ओळी एवढंच काढून, कोपऱ्यात जाळीची पट्टी बसवून वॉटरप्रूफिंग भिंतीवर वीतभर तरी चढवणं. जुन्या थराशी नवा थर नीट जुळवणारा गवंडी मिळाला तरच हे तुकड्यात करा. सांध्यालाच कच्चं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. पोकळ टाईल्स दोन-तीनच असतील तर मी आधी सांधे भरून पाहीन.

सांधे भरताना जुनं ग्राउट दोन-तीन मिलिमीटर तरी खोल खरवडा, वरवर लेप देऊ नका. इपॉक्सी ग्राउट साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा पाणी खूपच कमी शोषतं, पण पटकन घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक ग्राउटला चीर जाते. जुनं सिलिकॉन असेल तर पूर्ण काढा, जुन्यावर नवं चिकटत नाही. जागा कोरडीठाक हवी, आणि लावल्यावर एक दिवस पाणी नको.

पिशवीतला-पंखा:
कोपऱ्यातली काळी बुरशी घालवायला ब्लीच वापरणार असाल तर त्याच दिवशी टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड वापरू नका. दोन्ही मिसळून विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये फार वाईट.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार, सांध्यांपासून सुरुवात करते. बेडरूमची भिंत कधी रंगवू? घरचे म्हणतात लगेच करून टाक.

चुनाखडी:
लगेच नको. सुटलेली पुट्टी आणि भुसभुशीत गिलावा घट्ट थर लागेपर्यंत काढा आणि भिंत उघडी ठेवा. विटांची भिंत सुकायला ढोबळमानाने दर इंच जाडीला एक महिना धरतात. पंखा लावा, खिडकी उघडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसलात तर क्षार विरघळून परत आत जातात. झाडल्यावर नवा लोणा येईनासा झाला की समजा आतलं पाणी थांबलं. खालच्या भागाला पीओपी नको, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घाला आणि वर श्वास घेणारा, म्हणजे आतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग. ऑइल पेंट अजिबात नको.

धागाकर्ती:
आणि तोवर पलंग भिंतीला टेकवला तर चालेल?

चुनाखडी:
हातभर लांब ठेवा, मागून हवा फिरली पाहिजे. कपाटाचंही तेच.