निःक्षारीकरण प्रकल्पासाठी अलायन्स भागीदार: किंमत ठरलेली नसताना निवड कशावर करायची?

खाडीकाठ

समुद्राच्या पाण्यावर १५० एमएलडीचा (रोज १५ कोटी लिटर) आरओ, म्हणजे दाबाने मेम्ब्रेनमधून पाणी गाळून क्षार काढणारा, प्रकल्प एका सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेला उभारायचा आहे. इनटेकचा, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा, बोगदा समुद्रतळाखालून साधारण दीड किलोमीटर जाणार, आणि त्या रेषेवर आजवर फक्त चार बोअर घेतले आहेत. पूर्वप्रक्रियेत डीएएफ (हवेच्या बुडबुड्यांनी गाळ तरंगवून काढणं) हवं की नको, अल्ट्राफिल्ट्रेशन की दुहेरी माध्यमाचे फिल्टर, हेही ठरलेलं नाही. म्हणून ठोक रकमेच्या टर्नकी टेंडरऐवजी अलायन्स (मालक आणि कंत्राटदार एकच पथक होऊन फायदा-तोटा वाटून घेतात असा करार) करावं असा विचार आहे. लेखा विभाग विचारतो, किंमतच नाही तर भागीदार कशावर निवडला म्हणून ऑडिटला सांगायचं? निवडीचे टप्पे, पैशाची रचना आणि प्रस्ताव मागवण्याआधी मालकाने काय पक्कं करून ठेवायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

मोजमापवही

लेखा विभागापासून सुरुवात करतो, कारण फाइल तिथेच अडकते. अलायन्समध्येही किंमत ठरते, पण भागीदार निवडल्यावर, दोघांनी बसून, उघड्या हिशेबावर. तिला टार्गेट आउटटर्न कॉस्ट (कामाचा ठरवलेला एकूण लक्ष्य खर्च), टीओसी म्हणतात. निवडीच्या वेळी तरीही काही आकडे स्पर्धेत मागवता येतात आणि मागवावेतच: ओव्हरहेड (कंपनीचा कार्यालयीन खर्च) व नफ्याचा टक्का, माणसांचे दर, आणि मागच्या कामांचे मूळ अंदाज व प्रत्यक्ष खर्च, लेखापरीक्षकाच्या सहीनिशी.

पैशाचे तीन भाग. पहिला, प्रत्यक्ष खर्च, पावतीप्रमाणे. इथे नफा लपतो तो भागीदाराच्या स्वतःच्या यंत्रांच्या भाड्यात आणि भगिनी कंपन्यांच्या बिलांत, म्हणून हे दर हिशेब तपासनीसाने सहीआधीच तपासायचे. दुसरा, ओव्हरहेड व नफा. टीओसी मंजूर झाली की ही रक्कम ठोक करून गोठवा. टक्क्यात ठेवली तर खर्च वाढेल तसा नफाही वाढेल. तिसरा, टीओसी आणि झालेला खर्च यांतल्या फरकाची, म्हणजे फायदा-तोट्याची वाटणी.

टीओसी १०० धरा. त्यात ८८ प्रत्यक्ष खर्च, १२ दुसरा भाग, वाटणी निम्मी-निम्मी. प्रत्यक्ष खर्च ९८ झाला तर भागीदाराच्या १२ पैकी ५ जातात आणि मालकाला एकूण १०५ पडतात. तोच खर्च ११८ झाला तर भागीदाराच्या वाट्याला १५ चा तोटा येतो, पण त्याचा तोटा सहसा दुसऱ्या भागापुरता मर्यादित असतो. तो १२ गमावतो, मालकाला ११८ पडतात. म्हणजे ३० च्या वाढीतले १८ मालकाचे. हे गणित मंजुरीच्या टिपणीत आधीच घाला, नंतर सापडलं तर घोटाळा वाटतो.

टप्पे असे: बाजारचाचणी, पात्रता व लेखी प्रस्ताव, दोन किंवा तीन जणांची यादी, प्रत्येकाबरोबर दोनेक दिवसांची कार्यशाळा, व्यावसायिक अटींवर बोलणी, मग अंतरिम करार. अंतरिम करारात सर्वेक्षण, संकल्पन आणि टीओसी तयार करायची. ती पटली तरच मुख्य करार. न पटल्यास भागीदाराला झालेला खर्च देऊन मोकळं करता येईल आणि संकल्पनाचे हक्क मालकाकडे राहतील, हे कलम अंतरिम करारातच हवं. नाहीतर आठ-नऊ महिन्यांनी फुगलेली टीओसी समोर येते तेव्हा मालकाचे हात बांधलेले असतात.

कार्यशाळेत कंपनीची ओळख ऐकण्यात वेळ घालवू नका. प्रश्न टाका: ‘बोगद्यात ८०० मीटरवर भेगाळ खडक लागला, पाणी येतंय, मशीन थांबलंय. बसा आणि सोडवा.’ बोलतो कोण ते बघा. प्रस्तावात ज्याचं नाव अलायन्स मॅनेजर म्हणून आहे तो गप्प आणि टेंडर विभागाचा माणूस बोलतोय, तर काम कोण करणार ते कळलं. नावं दिलेली माणसं करारात बांधून घ्या.

पाचवा_बोअर

थोडं कडू लिहितो. चार बोअर हे अलायन्स करण्याचं कारण होऊ शकत नाही, ते आणखी बोअर घेण्याचं कारण आहे. माहिती नसताना टीओसी काढली की आकस्मिक खर्चाची तरतूद फुगते. प्रत्येक शाखा हातचं राखून अंदाज देते, वर प्रकल्पाची वेगळी तरतूद, आणि शेवटी ‘बचत’ झाली म्हणून भागीदार फायद्यात वाटा घेतो. उपाय असा की मालकाने स्वतंत्र अंदाजकार पहिल्या दिवसापासून बसवावा, तो थेट मालकाला उत्तरदायी असावा, आणि जोखमींची यादी संभाव्यतेसह एकाच ठिकाणी राहावी. प्रत्येक दरात वेगळी उशी चालणार नाही.

दुसरं, सगळंच अलायन्समध्ये कोंबू नका. मुख्य जलवाहिनी आणि वीज उपकेंद्र यांचं संकल्पन सरळ असतं, ती साध्या टेंडरने जातात. माझ्या मते आरओ हॉलही वेगळा काढावा, अलायन्स फक्त सागरी कामापुरतं.

सातवा_एलिमेंट

जलवाहिनी आणि उपकेंद्र मान्य. आरओ हॉल वेगळा काढणं मात्र चूक. इनटेक कुठे आणि किती खोल, यावर पाण्यातला गाळ, शेवाळ, जेलीफिश ठरतात; त्यावर पूर्वप्रक्रिया आणि तिच्यावर मेम्ब्रेनचं आयुष्य. मधेच करार तोडला की एसडीआय (पाणी मेम्ब्रेन किती तुंबवेल याचा निर्देशांक) ५ च्या वर गेल्याच्या दिवशी दोन कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवणार. भांडण नेमकं त्याच सांध्यावर होतं, तेव्हा तो सांधा अलायन्सच्या आतच ठेवा.

मालकाने प्रस्तावाआधी पक्क्या करायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

समुद्राच्या पाण्याची किमान वर्षभराची नोंद. क्षार, तापमान, गढूळपणा, शेवाळ, तेल, सेंद्रिय कार्बन. पायलट प्लांट सगळ्या ऋतूंतून चालवला तर डीएएफचा प्रश्न आपोआप सुटतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ही नोंद नसेल तर टीओसीमधला पूर्वप्रक्रियेचा आकडा निव्वळ अंदाज असतो.

बोरॉनची मर्यादा. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण ४.५ ते ५ मिलिग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य २.४ आहे, ते बहुधा एका पासमध्ये (मेम्ब्रेनमधून एकदाच नेऊन) जमतं. मर्यादा १ किंवा त्याखाली ठेवली तर पाण्याच्या काही भागाला दुसरा पास लागतो, तोही पीएच १० च्या आसपास नेऊन, आणि पंप, मेम्ब्रेनचे रॅक, कॉस्टिक सोडा सगळं वाढतं. ही मर्यादा टीओसीनंतर बदललीत तर तो मालकाचा बदल, पूर्ण खर्च मालकाचा.

भविष्यातला विस्तार. ४२ टक्के रिकव्हरी (आत घेतलेल्या पाण्यातून मिळणारं गोडं पाणी) धरली तर १५० एमएलडीसाठी सुमारे ३५७ एमएलडी पाणी आत घ्यावं लागतं, फिल्टर धुण्याचं वेगळं. पुढे क्षमता दुप्पट करायची असेल तर बोगद्याचा व्यास आताच ठरवा, पंप नंतर येतील.

आता खरा सापळा. फायद्याची वाटणी फक्त बांधकाम खर्चावर ठेवली तर बचत होते ती चालवण्याच्या खर्चातून. एनर्जी रिकव्हरीची यंत्रं (बाहेर टाकायच्या खाऱ्या पाण्याच्या दाबातली ऊर्जा परत घेणारी) कमी कार्यक्षम घेतली आणि घनमीटरमागे ०.१ युनिट जादा लागलं, तर १५० एमएलडीवर रोज १५,००० युनिट, वर्षाला सुमारे ५५ लाख. उच्च दाबाच्या पाइपला सुपर डुप्लेक्स या गंजरोधक पोलादाऐवजी साधं ३१६एल स्टेनलेस घातलं की कपलिंगच्या गॅस्केटखाली फटीतला (क्रेव्हिस) गंज चढतो, तोही बहुधा हमीचा काळ संपल्यावर दिसतो. म्हणून चालवणारा भागीदार अलायन्सच्या आत हवा, किमान दहा वर्षं. घनमीटरमागची वीज, दरवर्षी बदलावे लागणारे मेम्ब्रेन आणि उपलब्धता (प्रकल्प किती वेळ चालू स्थितीत राहतो), तिन्ही फायदा-तोट्यात धरा. विजेचा आकडा तापमान व क्षारतेच्या वक्राशी जोडा. नुसता वार्षिक सरासरी आकडा ठेवला तर थंड पाण्याच्या महिन्यांत, जेव्हा जास्त दाब लागतो, वाद ठरलेला.

खाडीकाठ

उपयुक्त. आता दोन भागीदारांकडून समांतर टीओसी काढून घेऊन त्यांची स्पर्धा लावावी का? आणि अलायन्स करारात सभासद एकमेकांवर दावा लावत नाहीत, त्या ‘कुणालाच दोष नाही’ कलमात विम्याचं आणि मेम्ब्रेनच्या हमीचं काय?

मोजमापवही

ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेचा कल किंमतही स्पर्धेत असावी याकडे आहे, आणि अलायन्सने निःक्षारीकरण प्रकल्प बांधण्याचा अनुभव त्या देशात आहे. पर्थला पाणी देणाऱ्या क्विनाना (२००६) आणि बिनिंगअप प्रकल्पांत अलायन्सचा वापर झाला. तरी दुहेरी टीओसी स्वस्त नसते. हरणाऱ्याला ठरलेला खर्च द्यावा लागतो (त्या बदल्यात त्याच्या कल्पनांचे हक्क घ्या) आणि मालकाची दोन स्वतंत्र पथकं लागतात, कारण एकाची युक्ती दुसऱ्याच्या कानावर गेली की स्पर्धेतला निःपक्षपातीपणा संपला. तुमच्याकडे अनुभवी माणसं मोजकी असतील तर एक टीओसी आणि कडक अंदाजकार हे बरं. माणसं असतील तर दुहेरी, पण बोअर आणि पाण्याची नोंद दोघांना एकसारखी द्या.

व्यावसायिक जबाबदारीचा नेहमीचा विमा कुणाची तरी चूक सिद्ध झाल्यावर पैसे देतो. दोषच नसेल तर दावा कसला? म्हणून प्रकल्पासाठी वेगळी पॉलिसी, दावा चुकीवर अवलंबून नसलेली, आणि तिचा हप्ता टीओसीत. विमा दलालाला अंतरिम कराराच्या काळातच बोलवा.

सातवा_एलिमेंट

मेम्ब्रेन, उच्च दाबाचे पंप, एनर्जी रिकव्हरी यांचे पुरवठादार अलायन्सचे सभासद करू नका. त्यांच्याशी साधा खरेदी करार, हमी थेट मालकाच्या नावे हस्तांतरित होणारी. पॉलिअमाइड मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, त्यामुळे चाचणीच्या काळात क्लोरीन मारणाऱ्या बायसल्फाइटचा डोस चुकला की सबंध रॅक खराब होते आणि पुरवठादार हमी नाकारतो. ओआरपीच्या (पाण्यात क्लोरीन उरल्याचा इशारा देणारं मोजमाप) नोंदी पहिल्या दिवसापासून जपा आणि ओआरपी वाढताच पाणी बाहेर काढणारा झडप-इंटरलॉक टीओसीच्या यादीतून कुणी ‘बचत’ म्हणून काढू देऊ नका.

पाचवा_बोअर

आरओ हॉलचा मुद्दा मागे घेतो, सांध्याचं म्हणणं पटलं. एक राहिलं: पाऊस चांगला झाला तर प्रकल्प बंद ठेवायचा का? सिडनीचा प्रकल्प २०१० ला सुरू झाला, २०१२ ला थांबवला, २०१९ ला पुन्हा चालू झाला. मेम्ब्रेन कसे जपायचे, किती माणसं ठेवायची, किती दिवसांत पूर्ण क्षमतेवर यायचं, आणि त्या काळात भागीदाराचा दुसरा भाग (ओव्हरहेड व नफा) किती, हे करारात आधीच लिहा. आणि नेतृत्व मंडळावर (अलायन्सचे निर्णय घेणाऱ्या, मालक व भागीदारांच्या मंडळावर) मालकाचा असा माणूस बसवा ज्याला बैठकीतच सही करता येते. निर्णय एकमताने व्हायचे असतात; तो प्रत्येक वेळी ‘वर विचारून सांगतो’ म्हणाला तर बोगद्यातलं मशीन तेवढे दिवस उभं राहतं, आणि त्या दिवसांचं भाडं पहिल्या भागातून जातं.