नाव काढून फॉरवर्ड करणं ही चोरी की प्रसार?

मसाल्याचा_डबा: काळ्या मसाल्याची कृती मी मागच्या वर्षी फोटोसकट फेसबुकवर टाकली होती, गेल्या आठवड्यात तीच आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आली आणि खाली भलत्याच बाईंचं नाव. ओळखली कशी, तर "दगडफूल शेवटी भाजा, आमच्या जाऊबाईंनी आधी टाकलं आणि अख्खी कढई कडू झाली" हे वाक्य जसंच्या तसं, आणि फोटोत आजेसासूबाईंचं काठाला पोचा आलेलं पितळी पातेलं. त्या बाईंना गाठून विचारलं तर म्हणे नेटवर होतं ना, मग सगळ्यांचंच. पैसे कमावले नाहीत तरी मी याला चोरीच म्हणते.

सांगलीकर: ताई राग समजतो, पण काळा मसाला तुमच्या एकटीचा आहे का? धने खोबरं लवंग घराघरात तेच. आपल्या आज्यांनी कधी कॉपीराइट मागितला, एकीने दुसरीला सांगितलं म्हणून तर टिकलं. संतांचे अभंगही असेच तोंडोतोंडी आले, परवानगी मागत बसले असते तर आपल्यापर्यंत काय पोचलं असतं

वाचनवेडी: अभंगाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय दादा. शेवटी तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे आहेच की! ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांनीही पाठ करताना ते नाव गाळलं नाही, आणि आपल्याला कॉपी पेस्ट करताना एक ओळ जड होते. कृती कुणाच्या मालकीची नाही हे मान्य, 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही कल्पनेवर हक्क नाही, मांडणीवर आहे. जिन्नस आणि प्रमाण खुशाल घ्या, पण वाक्यं आणि फोटो ताईंचे, नोंदणी केलेली नसली तरी.

लातूरचे_सर: मग आम्ही मुलांना द्यायचं काय? दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स केसमधे 2016 ला हायकोर्टाने अभ्यासासाठी पुस्तकातली पानं काढायला मोकळीक दिलीच ना. पुस्तक परवडत नाही म्हणून पोरगं मागं राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

वाचनवेडी: सर ती मोकळीक शिकवण्यापुरती, आणि ती हवीच. पण या वर्षीचा दिवाळी अंक स्कॅन करून टेलिग्रामवर टाकायचा आणि वर "साभार" लिहायचं हे त्यात बसत नाही, साभार म्हणजे परवानगी नव्हे. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 ला गेले, त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांना खुलं, ते वाटा की पोरांना. पुलं 2000 ला गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत नाही.

सांगलीकर: नाव द्यावं हे पटलं. परवानगीचं नाही पटत, एका फॉरवर्डसाठी लिहिणाऱ्याला कुठं शोधत बसायचं?

मसाल्याचा_डबा: शोधायचं कशाला, नाव खालीच होतं की, ते पुसायला बरी सवड मिळाली. मला विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, वर दगडफूल कसं निवडायचं तेही सांगितलं असतं.