'विषाची सवय' की 'विष न लागणे'?

प्रश्न : कपाशीच्या भागात "अळीले औषधाची सवय झाली" म्हणतात. मुंगसाबद्दल "त्याले नागाचं विष पचते". पुस्तकात 'प्रतिकारशक्ती'. शिकाऱ्याला भक्ष्याचं विष बाधत नाही, तो गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, त्याला नेमका शब्द कोणता?

— 'सवय' नको, ताई. सवय एका जिवाला त्याच्या हयातीत लागते. गुलाबी बोंडअळीत आतड्यातल्या ज्या प्रथिनाला बीटीचं विष (जिवाणूच्या जनुकामुळे बीटी कपाशीत तयार होणारं) चिकटतं, त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या मोजक्या अळ्या निवडल्या गेल्या. बाकीच्या मेल्या, यांची वीण वाढली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी हे रोखायलाच येत असे. कडेच्या त्या ओळींतले पतंग रोधी (विष न लागणाऱ्या) पतंगांशी जुळले, की पिल्लांत त्या जनुकाची बिघडलेली एकच प्रत येते आणि ती बहुतेक मरतात. पुडी पेरलीच नाही, तर रोधी पतंग आपसांतच जुळतात.

— 'प्रतिकारशक्ती'नंही घोटाळा होतो. सर्पदंशावरचं औषध करताना घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती त्या घोड्याची कमाई, जनुकात उतरत नाही.

— माझा कौल 'लागणे'ला. ऊन लागतं, गोळी लागते, औषध लागू पडतं. चिकटणं आणि परिणाम होणं दोन्ही या एका क्रियापदात आहे. मुंगसात हे अक्षरशः घडतं. नागाचं न्यूरोटॉक्सिन (नसांचा संदेश अडवणारं विष) स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीन ग्राहकाला, म्हणजे तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि श्वासाचे स्नायू थांबतात. मुंगसाच्या ग्राहकात १८७व्या जागी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाऐवजी ॲस्परॅजिन हे दुसरं आहे. त्यावर साखरेची साखळी बसते आणि विषाची वाट अडते. डुकरात त्याच जागी आर्जिनिन. त्याचा धन प्रभार विषाच्या धन प्रभाराला दूर लोटतो. म्हणजे पचलं नाही, लागलंच नाही. मुंगूस मुंगूसवेल खाऊन विष उतरवतं म्हणतात, पण त्या वेलीचा यात काही हात नाही.

— भाऊ, शब्द पटला, पण "मुंगसाले विष लागत नाही" असं सरसकट लिहू नका. नागाच्या विषात पेशी नासवणारे घटकही असतात, त्यांचा या ग्राहकाशी संबंध नाही. घोणसाचं विष तर मुख्यतः रक्तावर जातं. कोणतं विष, कुठे, किती मात्रा, हे सोबत हवंच. 'सहजी लागत नाही' बरं.

— 'पचवणे'ही टाकू नका. काही किडी कीटकनाशक एन्झाइमनं खरोखर तोडतात, तिथे तोच शब्द बरोबर. रुईच्या पानांवरची पट्टेरी अळी मात्र चिकातलं विष अंगात साठवते. तिच्या पेशींतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाची (हे क्षार पेशीत आत-बाहेर करणाऱ्या प्रथिनाची) घडण अशी, की ते विष तिथे नीट बसत नाही. तिला 'साठवणे' आणि 'न लागणे' दोन्ही लावावे लागतील.

— घोरपडही याच रांगेत. भेकाचं (खडबडीत कातडीच्या बेडकाचं) विष त्याच पंपाला धरतं, आणि भेकांच्या सोबतीनं वाढलेल्या आशियातल्या घोरपडींत पंप बदललेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींत तो बदल नाही. तिथे १९३५ साली परदेशी भेक आणून सोडले, ते गिळून त्या मरतात. तिथे 'विष लागलं' हेच लिहायचं.