सिनेमा सुचवा: प्रेम आणि जाणारी नजर (शेवटी पट्टी सोडून दिसायला लागणारे नकोत)

विश्रामबागची_लेक
येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतात. आईला काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याने समोरचं दिसतं, कडेचं नाही. परवा पोळ्या लाटता लाटता स्वतःच म्हणाली, "माझ्यासारखीची एखादी लव्हस्टोरी लाव की रविवारी." बाबा लगेच पेपरात घुसले. ते या विषयावर बोलतच नाहीत.
तर सुचवा. मराठी किंवा हिंदी, कारण सबटायटलच्या मागे डोळा पळत नाही. दोन तासांच्या आत. आहे त्याच टीव्हीवर, खर्च फार तर 300 रुपये. आणि शेवटी डॉक्टर पट्टी सोडतात नि सगळं लख्ख दिसतं, असला नको. आईचं गेलेलं परत येणार नाहीये, तिला माहितीये ते.

गावभाग_1
श्वास. विषय संपला. 2004 चा, ऑस्करला गेलेला.

विश्रामबागची_लेक
दादा, त्यात आजोबा-नातू आहेत. मी लव्हस्टोरी विचारलीय.

गावभाग_1
आजोबांचं प्रेम हे प्रेम नसतं का?

कोर्टकचेरी
ऑस्करला "गेलेला" नाही, भारतातर्फे पाठवलेला. नामांकन मिळालं नव्हतं.

जुनी_गाणी_सांगली
ताई, चिराग बघा. 1969, सुनील दत्त, आशा पारेख. लग्नानंतर तिची दृष्टी जाते, सासू छळते, नवरा बाजूने उभा. मदनमोहनचं संगीत! माझ्याकडे होती सीडी, 2019 च्या पुरात गेली. कृष्णेच्या आयर्विन पुलाला 57 फुटांच्या वर पाणी, आम्ही मुलं आणि म्हातारी वर काढली, सीडींचं कपाट खालीच राहिलं. अडीचशे सीड्या. नंतर उघडलं तर प्रत्येक डब्यात गाळ, चॉकलेट भरल्यासारखा.

कोर्टकचेरी
त्यातलं डोळ्यांचं जे गाणं आहे, त्याच्या मुखड्याची ओळ शायर फैजची. बाकी गीतकार मजरूह.

जुनी_गाणी_सांगली
पोस्टरवर मजरूहचं नाव आहे.

कोर्टकचेरी
मी बाकी मजरूह म्हणालोच की राव. फैजची नज्म काढून बघा.

ईएमआय_सम्राट
पिक्चर कुठला ते नंतर बघू, आधी टीव्ही किती इंची? आम्ही दिवाळीत 55 इंची घेतला, साउंडबारसकट. सासऱ्यांना मोतीबिंदू, पण एकदम स्पष्ट बघतात. मोठा घ्या नि खुर्ची पुढं ओढा.

मिरज_पंढरपूर_रोड
नका ओढू. माझ्या वडिलांना 11 वर्षं काचबिंदू आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत मागची नस मरते आणि आधी कडेचं जातं. म्हणजे नळीतून बघितल्यासारखं. जवळ बसून मोठा पडदा लावला तर त्यांना नुसतं हिरोचं नाक दिसतं. आम्ही उलट खुर्ची मागे सरकवली, तेव्हा चित्र नळीत मावलं. ताई, थेंब चुकवू नका, आणि तुमचं वय चाळिशीच्या आसपास असेल तर तुम्हीही डोळ्यांचं प्रेशर नि नस तपासून घ्या. हा घराण्यात चालतो. माझं तसंच सापडलं.

ईएमआय_सम्राट
सासरे तरी खूश आहेत.

पडदा_पडला
सिटी लाइट्स. 1931, चॅप्लिन, 87 मिनिटं. फुलं विकणारी आंधळी मुलगी. वेळेत बसतो, फुकट मिळतो.

गावभाग_1
नजर जाणाऱ्या बाईला मूकपट??

पडदा_पडला
संगीत आहे की. चॅप्लिननं स्वतः दिलंय.

कोर्टकचेरी
आणि त्यात मुलीला शेवटी दिसायला लागतं. अट वाचली का?

सासवड_ते_सांगली
अहो पण हल्ली डोळे बदलता येतात ना? किती पिक्चरमध्ये दाखवतात.

मिरज_पंढरपूर_रोड
पिक्चरमध्येच. नेत्रदानातून दुसऱ्याला बसवतात ती पुढची पारदर्शक काच, पारपटल. अख्खा डोळा बसवून नजर येत नाही. नस गेली तर काच बदलून काय उपयोग? तरी नेत्रदान करा, ज्यांचं पारपटल खराब आहे त्यांना दिसतं.

कृष्णाकाठची_मावशी
बाळा, स्पर्श लाव. 1980, आपल्या सई परांजपेंचा. नसीरुद्दीनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला यासाठी. अंधशाळेचा मुख्याध्यापक, त्याला कुणाची कीव नको. त्याची नजर आधीच गेलेली आहे, पण शबाना जे करते ते प्रेम की उपकार, हा सगळा झगडा. दोन तासांच्या वर जातो, ती अट सोड. अजून एक, फोनवर किंवा टीव्हीवर ॲप असेल तर आवाजाच्या पर्यायात ऑडिओ डिस्क्रिप्शन बघ. पडद्यावर काय चाललंय ते मधेमधे सांगतात. सगळ्या सिनेमांना नसतं. फक्त टीव्हीच्या मेन्यूतलं वेगळं बटण दाबू नकोस. मी दाबलं आणि टीव्ही "आवाज चौदा, आवाज पंधरा" असं बडबडत बसला. दोन दिवस बंद होईना.

नाट्यपंढरी
सांगलीत राहून सिनेमा? 1843 ला इथंच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. नाटकाला न्या, नाटक कानांनी बघता येतं.

विश्रामबागची_लेक
रविवारी प्रयोग नाही, बघितलं मी. मावशी, स्पर्श लावते.

*(सोमवार)*

विश्रामबागची_लेक
सांगते. स्पर्श लावला, खुर्च्या मागे घेतल्या. वीस मिनिटांत आई म्हणाली, "हा मेला माझ्यासारखाच, कुणाचा हात धरायला नको." आणि बाबा उठून आत गेले. भांड्यांचा आवाज यायला लागला. चहा झालेला होता, तरी.
आईनेच मग सांगितलं, बंद कर, अशी ही बनवाबनवी लाव. 1988 चा, तेव्हा मी पोटात होते. म्हणजे प्रेम नाही, नजर नाही, दोन तासांची माझीच अट मोडली. बाबा बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसून सांगायला लागले, आता तो इकडून आला, आता ती साडी नेसून आलाय, हिरवी आहे. आई म्हणाली, हिरवी नाहीये ती. हे रंगाचे कच्चेच आहेत, लग्नाच्या शालूलाही तपकिरी म्हणाले होते. मग शालूवरूनच भांडण जुंपलं, पिक्चर राहिला बाजूला. अर्ध्यात बाबांच्या हातात तिच्या थेंबांची बाटली होती. साडेआठ वाजले होते, त्यांनीच घातले.
300 रुपयांचं भडंग आणि श्रीखंड आणलं.

गावभाग_1
तरी श्वास बघा एकदा.

ईएमआय_सम्राट
टीव्ही किती इंची ते राहिलंच.