पीएसव्हीआर २ की क्वेस्ट ३? ‘वाद संपला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

चष्मिष्ट:
दोन्ही व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून खेळाच्या आभासी जगात शिरायची यंत्रं: पीएसव्हीआर २ सोनीचा, वायरीने जोडायचा; क्वेस्ट ३ मेटाचा, एकटाच चालणारा. काल शर्यतवाला यांनी लिहिलं, ‘घरी खेळायचं तर पीएसव्हीआर २ घ्या. त्याच्या ओएलईडी पडद्याचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो-विझतो) काळा रंग एकदा पाहिला की क्वेस्ट ३ म्हणजे डोक्याला बांधलेला मोबाइल वाटतो. वाद संपला.’ रात्री साडेअकराला वाचलं आणि झोपच उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन्ही हेडसेट मी घरी महिनोन् महिने वापरलेत. पीएसव्हीआर २ चा पडदा सुंदर आहे, कबूल. दर डोळ्याला २०००×२०४० ठिपके आणि काळा म्हणजे खरंच काळा. पण त्या पडद्यापुढे भिंग फ्रेनेलचं, म्हणजे बारीक गोल खाचांचं आहे. बरोबर मधोमध पाहिलं तर चित्र कोरीव, हेडसेट कपाळावर जरासा सरकला की धूसर. अंधारात पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेडाचे फराटे उठतात. क्वेस्ट ३ चा काळा रंग राखाडीकडे झुकतो, पण त्याच्या पॅनकेक नावाच्या चपट्या भिंगांतून कडेचा मजकूरही मान न वळवता वाचता येतो.

आणि पीएसव्हीआर २ ची वायर! साडेचार मीटरची. आमचा हॉल दहा बाय बारा, त्यात दिवाण आणि टीव्हीचं टेबल. दोनदा गर्रकन वळलं की वायर पोटरीला वेढा घालते. मग तलवार हातात असली तरी निम्मं लक्ष पायाशी. घर विसरायला हे यंत्र डोक्यावर चढवायचं आणि तेच दर मिनिटाला घराची आठवण करून देणार? मला हे पटत नाही.

शर्यतवाला:
उभं राहून तलवारी फिरवायच्या असतील तर तुमचं बरोबर. मी बसून खेळतो. ग्रान टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घ्या. दोघांनी पडदा वाटून खेळायचं सोडलं तर अख्खा खेळ व्हीआरमध्ये आहे. रात्रीची शर्यत, पाऊस, हेडलाइटच्या पलीकडे मिट्ट काळोख. तिथे राखाडी रंग चालत नाही हो! शिवाय नजर जिथे आहे तिथलंच चित्र बारकाईने रंगवलं जातं, हेडसेट स्वतः थरथरतो. तुमच्या क्वेस्टची बॅटरी दोन तासांत मान टाकते आणि पीसीवरचे खेळ वायफायवरून आले की धावत्या रस्त्याच्या कडेचं गवत चिखलासारखं दिसतं. वायर आहे म्हणून तर चित्र स्वच्छ आहे.

नाशिककर:
दोघंही पैशांबद्दल गप्प. पीएसव्हीआर २ फेब्रुवारी २०२३ मध्ये ५५० डॉलरला आला, मार्च २०२५ मध्ये ४०० वर उतरला. पण त्याला आधी पीएस ५, म्हणजे सोनीचं खेळाचं यंत्र हवं. क्वेस्ट ३ आला तेव्हा ५०० चा होता, वर काही लागत नाही. त्याचा स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस तर आला तेव्हा ३०० चा, आणि चिप तीच. मी क्वेस्ट बाहेरून माल आणणाऱ्या दुकानातून घेतला, चार महिन्यांत एका कंट्रोलरचं बटण अडकलं. दुकानदार म्हणाला, ‘वॉरंटी तिकडची, तिकडेच पाठवा.’ भिंगाच्या गुणांपेक्षा हे आधी विचारा.

आणि कुठलाही घ्या, खेळण्याआधी पंखा बंद करा. हात वर केला नि पात्याला लागला, नख काळंनिळं झालं होतं.

एडिसनकर:
पीएसव्हीआर २ पीसीलाही जोडता येतो म्हणून मी साठ डॉलरचा अडॅप्टर घेतला. त्याला डिस्प्लेपोर्ट नावाची जोडणीची खाच लागते, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआयची. न वाचता घेतला, चूक माझीच. आणि जोडला तरी पीसीवर नजर टिपणं आणि एचडीआर (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणं) दोन्ही बंद. शर्यतवाला ज्याचं कौतुक करतात त्यातलं निम्मं तिथे उरत नाही.

कोथरूडकरीण:
इतकं लिहिलंत सगळ्यांनी, पण दोन बुबुळांमधल्या अंतराबद्दल एक अक्षर नाही. भावाने मला क्वेस्ट ३एस पाठवला. वीस मिनिटांत भुवयांच्या मध्ये ठणका आणि मळमळ. घरात सगळे म्हणाले, तुला सवय नाही. तीन महिने हेच ऐकलं. शेवटी चष्म्याच्या दुकानात गेले. कागदावर नंबर होता, पण पीडी, म्हणजे हेच अंतर, लिहिलेला नव्हता. तिथल्या काकांनी नाकावर पट्टी धरून मोजला, ६० मिलिमीटर. ३एसची भिंगं तीनच जागी थांबतात, ५८, ६३ आणि ६८. मी दोहोंच्या मधली! दिरांच्या क्वेस्ट ३ ला भिंगांमधलं अंतर बदलायचं चाक आहे, ते ६० वर आणलं आणि तासभर खेळले. ठणका नाही, काही नाही.

शर्यतवाला:
ताई, राग मानू नका, पण मळमळ सवयीनेच जाते. पहिल्या आठवड्यात मलाही झाली होती. रोज दहा मिनिटं वाढवत गेलो.

कोथरूडकरीण:
राग मानणारच. मी आकडा दिला आणि तुम्ही पुन्हा तेच वाक्य ऐकवलंत. खेळ तोच, मी तीच, फक्त चाक फिरलं. सवय एका संध्याकाळीत लागते का? तुमच्या घरी तुमच्याशिवाय कुणी अर्धा तास हेडसेट घालतं का, ते सांगा आधी.

चष्मिष्ट:
ताईंचं शंभर टक्के खरं. माझा नंबर उणे साडेचार. चष्म्यावरून हेडसेट घालून भिंगाला मधोमध चरा पाडला, मग नंबरच्या काचा करून घेतल्या. त्या कारागिरानेही पहिला प्रश्न पीडीचाच विचारला.

नाशिककर:
भिंगांचा विषय निघालाच आहे तर, हेडसेट खिडकीत ठेवू नका. माझ्या पुतण्याने दुपारी ठेवला. ऊन भिंगातून पडद्यावर पडलं आणि चित्रात पिवळट ठिपका कायमचा बसला.

शर्यतवाला:
काल रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘डोळे दुखतात म्हणून घालत नाही, तू कधी विचारलंसच नाहीस.’ मग सेटिंग उघडलं. पीएसव्हीआर २ स्वतः तिची बुबुळं पडद्यावर दाखवतो आणि खाचेत बसेपर्यंत चाक फिरवायला सांगतो. दोन वर्षं ते माझ्याच मापावर होतं. फिरवलं, तिने चाळीस मिनिटं गाडी चालवली. तेव्हा ताई, चाक आमच्यातही आहे, आणि ते तुमच्या क्वेस्टपेक्षा नीट समजावतं.

कोथरूडकरीण:
बुबुळं दाखवतो हे मला माहीत नव्हतं. चांगलंच आहे ते, मान्य करावंच लागेल. ३एसमध्ये ही सोय असती तर माझे तीन महिने वाचले असते. पण हे मान्य करायला तुम्हाला दोन वर्षं आणि एक भांडण लागलं, हेही लिहून ठेवते.

चष्मिष्ट:
आणि वायर?

शर्यतवाला:
उभ्याने खेळायला क्वेस्ट घ्या, वायरीपुढे माझं काही चालत नाही. बसून शर्यत खेळायची तर माझाच हेडसेट, त्यावर मी एक इंच हलणार नाही. ‘वाद संपला’ हे दोन शब्द मागे घेतो. बाकी सगळं तसंच.