कोजागरीचा पडदा: यंदा सुरकुत्या नकोत

बी-१०४ काकू: कोजागरीला मागच्या लॉनवर सिनेमा नक्की ना? पडद्याचं कोण बघतंय? गेल्या वर्षी चादर लावली होती, नायिकेच्या चेहऱ्यावरून आडवीतिडवी रेघ. हवं तर मी कडक इस्त्री करून देते.

ए-३०२: काकू, इस्त्रीने घडी जाईल, पण त्या रेघा ताणाच्या होत्या. नुसते चार कोपरे बांधून ओढले की ताण तिरका जातो आणि कडांचं कापड सैल राहतं. जास्त ओढलं तर रेघा आणखी ठळक. चारही कडांना सारखा ताण बसला पाहिजे, आणि दोरी लवचीक हवी.

सी-२०१: कोरा पांढरा फ्लेक्स घेऊया का? रिंगा मारूनच मिळतो.

ए-३०२: टिकाऊ आहे, पण चकाकतो. मधोमध प्रोजेक्टरचा प्रखर डाग दिसतो. शिवाय घडी घातली की ती मोडता मोडत नाही, गुंडाळूनच ठेवावा लागतो. माझं मत पांढऱ्या फोर-वे लायक्राला. दोन्ही दिशांना ताणतो, त्यामुळे सुरकुती राहायला जागाच नाही. ६० इंच पन्हा, ३ मीटर पुरे. थोडा ताणला की १० फूट रुंद आणि साधारण साडेपाच फूट उंच चित्र बसतं, मधे शिवण नाही. जाडसर बघून घ्यायचा.

बी-१०४ काकू: त्यातून उजेड पलीकडे जाणार नाही का?

ए-३०२: जाणार. मागे काळं कापड सोडायचं, म्हणजे चित्र फिकं पडत नाही.

बी-४०३ आजोबा: आमच्या गावी पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसायचे. मागच्यांना अक्षरं उलटी दिसायची, पण कुणी उठत नसे.

ए-३०२: आजोबा, लायक्रावर तेही जमेल! मग काळं कापड लावायचं नाही.

सी-२०१: बांधायचं कसं? लायक्राला भोक पाडलं तर उसवेल.

ए-३०२: भोक पाडायचंच नाही. कडेपासून दोन इंच आत, दर फुटावर कापडात मागून एक गोटी धरायची आणि पुढून तिच्या मानेशी दोरी आवळायची. त्या दोरीला सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती, चकती चौकटीला. चौकट कापडापेक्षा चारही बाजूंनी चार-सहा बोटं मोठी हवी, म्हणजे ओढायला वाव राहतो. मंडपवाल्याचे लोखंडी पाइप आणि क्लॅम्प घेऊ. पीव्हीसी पाइप या ताणाला वाकतो, आणि चौकट वाकली की सगळं मुसळ केरात.

आणि क्रम महत्त्वाचा: आधी वरच्या कडेचा मध्य, मग खालचा, मग डावा-उजवा. तिथून दोन्हीकडे सरकत जायचं. कोपरे सगळ्यांत शेवटी.

ए-१०१ वहिनी: पौर्णिमेच्या उजेडात दिसेल ना?

ए-३०२: वहिनी, चंद्राची काळजी नको. पूर्ण चंद्राचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास, आपला प्रोजेक्टर पडद्यावर शेकडो लक्स टाकतो. त्रास कंपाउंडच्या दिव्याचा होईल, तो तेवढा वेळ बंद ठेवा. खालची कड साडेतीन फुटांवर घेऊ, म्हणजे सतरंजीवरच्यांच्या डोक्यांमुळे मागच्या खुर्च्यांचं अडणार नाही.

सेक्रेटरी काका: वारा सुटला तर? मुलं समोरच बसतात.

ए-३०२: हाच खरा प्रश्न, काका. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या पडद्यावर २५ किलोच्या आसपास जोर येतो. दोन्ही खांबांना पुढे-मागे तणावे द्यायचे, पायाशी वाळूची पोती. वारा वाढला तर खालच्या दोऱ्या सोडायच्या, कापड फडफडलं तरी चालेल, पण चौकट पडता कामा नये. तणाव्यांना पांढरी फीत बांधा, अंधारात मुलं अडखळतात.

सेक्रेटरी काका: ठीक. मंडपवाल्याला मी सांगतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून ७ ला सुरू करू. दूध मध्यंतरात.

बी-१०४ काकू: कापडाला रविवार पेठेत मी जाते. गोट्या नातवाकडे डबाभर आहेत, घेऊन येते.