चारात एक म्हणजे पुढची तीन सुखरूप? नाही

दादा, "पहिलं मूल थॅलेसेमियाचं झालं, चारात एकच म्हणतात, म्हणजे आता पुढच्या तिघांना धोका नाही" असं तुमच्या पाहुण्यांना कुणी सांगितलं असेल तर ते आजच खोडून काढा. थॅलेसेमिया हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. दोघांकडेही त्याचा दोष असेल, तर मूल आजारी होण्याची ही चारात एक, म्हणजे २५ टक्क्यांची शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तेवढीच असते. आधी काय झालं ते पुढच्या गर्भाला ठाऊक नसतं.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बीटा थॅलेसेमियात एकच प्रत सदोष असेल तर माणूस वाहक असतो. तो धडधाकट असतो, तालमीत जोरही मारतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. दोन्ही प्रती सदोष आल्या तरच मोठा आजार.

कोल्हापूरकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. सख्ख्या मामे-आत्ते भावंडांची सुमारे साडेबारा टक्के जनुकं सामाईक असतात, त्यामुळे एकच दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न केलं म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि सुनेला दोष देणं आधी थांबवा, दोष दोन्हीकडून आल्याशिवाय हे होतच नाही. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना गाठा. साधारण १० ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते.